मयत कोण : अर्जातील एका 'हू'ची हकीकत

अर्जदार : मी स्वतः. घोडेगावी तहसील कचेरीबाहेर टेबल टाकून अर्ज लिहून देतो. शिक्षण नववी.
गैरअर्जदार : इंग्रजी भाषेतील 'हू' हा शब्द.
तारीख : रजिस्टर पोस्टाच्या पावतीवर आहे.
साक्षीदार : डोंगराकडच्या गावची एक विधवा बाई आणि जुन्नरच्या एक निवृत्त इंग्रजी शिक्षिका. दोघींच्या सांगण्यावरून नावे दिलेली नाहीत.

सदर विधवा बाईंचा नवरा दूरच्या एका कंपनीत कामाला होता. आजारी पडून तो गावी आला आणि वारला. त्याचा शाळा सोडल्याचा मूळ दाखला कंपनीतच राहिला. मुलगी बारावी झाली. नर्सिंगच्या प्रवेशासाठी जातपडताळणी हवी, आणि पडताळणीला बापाचा दाखला हवा. गावच्या शाळेचे जुने रजिस्टर भिजून गेले होते, म्हणून दुसरी प्रत मिळण्यासारखी नव्हती. कंपनीची मुख्य कचेरी दक्षिणेत. अर्ज इंग्रजीतच हवा होता. घोडेगावात इंग्रजी अर्ज लिहिणारा मी एकटा आहे, असे त्या वेळी माझे मत होते.

मी नेहमीप्रमाणे आधी मराठी वाक्य बांधले : 'कामगाराचे कागद त्याच्या पत्नीला द्यावेत, जो मयत आहे.' मग त्याचे इंग्रजी केले : 'गिव्ह द पेपर्स ऑफ युवर वर्कर टु हिज वाइफ हू इज डेड.'

महिन्याभराने उत्तर आले. बाई ते घेऊन टेबलाशी बसल्या.

"काय म्हणत्यात?"

मी दोनदा वाचले. कामगाराची पत्नी मयत असल्याचे आपण कळवले आहे. तरी तिच्या मृत्यूचा दाखला जोडून वारसाने अर्ज करावा, असे त्यात होते.

"म्हणतात, तुम्ही मयत आहात."

"मग आत्ता एष्टीचं तिकीट कुणी काढलं? भाऊ, कंपनीला न्हाई ठावं. पर तुमच्या म्होरं तर मी बसले व्हते ना?"

"भाषेची अडचण आहे," मी म्हणालो.

"असंल. पोरीच्या कागदाला एक महिना राह्यलाय."

दुसऱ्या दिवशी टेबल न लावता मी जुन्नरची एसटी धरली. तेथे मला शाळेत इंग्रजी शिकवलेल्या बाई राहतात. अर्जाची झेरॉक्स पाहून त्या म्हणाल्या, "नववीत या धड्याला तू मागच्या दाराने पळाला होतास." हे विधान खरे आहे.

त्यांनी माझे मराठी वाक्य विचारले. मी सांगितले.

"मराठीत 'जो' म्हटलंस, म्हणजे पुरुष. म्हणून कितीही लांब बसवला तरी तो कामगारालाच लागला. 'जी' म्हटलं असतंस, तर पत्नीला लागला असता. इंग्रजीतल्या 'हू'ला बाईमाणूस, बाप्या काही कळत नाही. शेजारी जो सापडेल त्याला तो चिकटतो. तू शेजारी कोणाला बसवलंस?"

"पत्नीला."

"मग झालं तर."

मी हरकत घेतली की मयत माणूस कोण, हे कोणत्याही समजूतदार अधिकाऱ्याला कळावे. बाई म्हणाल्या, "कारकून लिहिलेलं वाचतो, मनातलं वाचत नाही." हे वाक्य मी माझ्या अर्जदारांना रोज ऐकवतो.

त्यांनी माझ्याकडून वीस वाक्ये लिहून घेतली. माणसाला 'हू', वस्तूला 'विच', आणि दोन्ही आपल्या नामाला खेटून. तलाठ्याला मी एके ठिकाणी 'विच' लावला होता. तो त्यांनी खोडला. विहीर, बांध, सातबारा यांची वाक्ये बरोबर आली. शेवटी अर्जाचे वाक्य आले. 'हू इज डेड' मी उचलून कामगाराला खेटून ठेवले, दोन्हीकडे स्वल्पविराम दिले, आणि पत्नीला खेटून स्वतःहून 'हू इज अलाइव्ह' असे जोडले.

"याची गरज नाही," बाई म्हणाल्या.

घोडेगावी परतल्यावर मी ते वाक्य विधवा बाईंना मराठीत समजावून विचारले, की शेवटचे शब्द काढू का. "ऱ्हाऊ द्या," त्या म्हणाल्या. "एकदा मारलंय तुमी. आता लिवलेलंच बरं." त्यांनी सही केली. ग्रामपंचायतीचा हयातीचा दाखला मी स्वतः आणून जोडला आणि अर्ज रजिस्टरने पाठवला. पोहोच आली आहे. उत्तर आलेले नाही. मुदतीला नऊ दिवस उरले आहेत. मुलगी रोज पोस्टात विचारून जाते. माझ्या टेबलासमोरून जाते, पण थांबत नाही.

सबब ज्या अधिकाऱ्यांच्या टेबलावर तो अर्ज पडून असेल, त्यांना विनंती की पहिल्या अर्जातील चूक लिहिणाराची आहे, अर्जदार बाईंची नाही, व त्यांच्या मुलीची तर मुळीच नाही. बाई हयात आहेत, ही नोंद घेऊन दाखला मुदतीत त्यांच्या पत्त्यावर पाठवावा. सोबतचे पत्र मराठीत असल्यास उत्तम. इंग्रजीत असल्यास 'हू' कोणाशेजारी बसला आहे, तेवढे पाहून मग सही करावी.