आकसत गेलेला दिवा

आमच्या ह्यांचा अर्धा जन्म दुसऱ्याच्या दिव्यापायी गेला. दुसरा म्हणजे हजारो वर्षांपूर्वी मेलेला कुणी कुंभार. त्याचा मातीचा तेलाचा दिवा संग्रहालयात काचेमागे आहे. वरून झाकलेला, मधे तेल ओतायला भोक, पुढे वातीला चोच आणि पाठीवर एक पक्षी. आमचे हे हुबेहूब तसेच दिवे करतात आणि ते तिथल्याच दुकानात विकले जातात. घरात आम्ही बटण दाबून दिवा लावतो, ते सोडा.

काम दिसायला सोपं. प्लास्टरच्या साच्याचे दोन भाग. दोन्हींत अंगठ्याने माती दाबायची, कडांना पातळ माती लावून ते जोडायचे, सांधा खरवडायचा, वाळवायचं, भाजायचं. लग्न होऊन आले तेव्हा ह्यांनी मला पहिला धडा दिला तो असा, की माती वाळताना आकसते, भाजताना आणखी आकसते. म्हणून हवंय त्यापेक्षा मोठं कर. मी विसरले की तोंडाचा पट्टा सुरू. "भट्टीत माल घालण्याआधी जरा अक्कल घालत जा," म्हणायचे. माहेरी मला कुणी चढ्या आवाजात बोललं नव्हतं. पण धडा हाडीमाशी खिळला.

आता दोघंही थकलो. ह्यांचे गुडघे, माझी कंबर. चहाला कोण उठणार यावर रोज वाद. मधे साचा झिजला, पक्ष्याच्या डोक्याचं नुसतं ढेकूळ उरलं, तेव्हा ह्यांनी नवा साचा केला. कशावरून केला ते मी विचारलं नाही. त्यांच्या साच्यात कुणी लुडबूड केलेली त्यांना खपत नाही.

मग संग्रहालयात नव्या आलेल्या मॅडमनी आम्हाला बोलावलं. टेबलावर मूळ दिवा, शेजारी आमचा. आमचा त्याचं नातवंड शोभला असता. ह्यांनी आपल्याच भाजलेल्या दिव्यावरून साचा घेतला होता. म्हणजे आधीच आकसलेल्याचा साचा, आणि त्यातून निघालेला दिवा आणखी आकसलेला. मी हसण्यावारी नेलं. "त्यालाही म्हातारपण आलं म्हणायचं," म्हटलं. मॅडम हसल्या नाहीत. बाई वाईट नाहीत हो, नीट बोलल्या. "काका, मूळ दिव्याला आता साच्यासाठी प्लास्टर लावू देत नाहीत. माप घ्या आणि हाताने नवा नमुना घडवा. बरोबर आला तर काम तुमचंच. नाहीतर मला यंत्रावर करून घ्यावे लागतील."

परत येताना बसमध्ये हे खिडकीबाहेर बघत होते. "हे काम गेलं तर दिवसभर मी करू काय गं?" म्हणाले. खरं सांगायचं तर मला आतून सुटल्यासारखं वाटलं होतं. त्यांचा चेहरा बघितला आणि ते मनातच ठेवलं.

दुसऱ्या दिवसापासून हे पाटावर बसले ते बसलेच. जेवायला चार हाका माराव्या लागायच्या. पण हात अजून तोच आहे. पक्षी असा उतरला की मीही बघत राहिले. पंखाची रेघ न् रेघ जागच्या जागी.

मापाचा चिमटा ह्यांनी मूळ दिव्याला लावून तसाच आवळून आणला होता. मी तो उचलला आणि सहज ओल्या नमुन्याला लावून बघितला. तंतोतंत बसला.

"अहो," मी म्हटलं, "माती आकसेल ते धरलंत का?"

ह्यांनी मान वर केली. चिडले असते, अक्कल काढली असती तर किती बरं झालं असतं.

"माती कशी आकसेल?" म्हणाले.

मी चिमटा खाली ठेवला. मला रडायला येत होतं, आणि रडण्याइतकंही अंगात त्राण नव्हतं. चहा केला, आज वाद न घालता केला. ह्यांच्या हातात कप दिला. मग ओल्या गोणपाटाखालची माती काढली, त्यांनी घेतली होती त्यापेक्षा मूठभर जास्त, आणि त्यांच्या शेजारी मळायला बसले.

"तू काय करतेस?"

"मोठा दिवा करते. पक्षी मला जमत नाही. तेवढा तुम्ही सांगा."

ह्यांनी कप बाजूला ठेवला, सरकून जवळ आले आणि पंखापासून सांगायला लागले.