अनफेअरली

प्रौढांचा इंग्रजीचा क्लास घेतला की व्याकरण थोडं आणि किस्से फार जमतात. मलकापुरात माझा रविवारचा क्लास आहे. तिथं एकदा 'अनफेअरली' शब्द घेतला. अर्थ सांगितला, अन्यायानं. मग म्हटलं, आता आपल्या आयुष्यातलं वाक्य करा. माझीच हौस!

*

रिटायर्ड सुभेदार आबा उठून उभे राहिले.

"आवं मॅडम, फौजेत ह्यो शब्द तोंडात आला की ग्राउंडला दहा चकरा! वाक्य करायला सवड कुठली?"

*

पलूसचा संपत द्राक्षबागायतदार. त्याचं वाक्य, "हेल केम अनफेअरली!"

मी म्हटलं, "अरे, गारा अन्याय करत नाहीत. अन्याय माणूस करतो."

"मग शेजारच्या बागंत एक बी कशी पडली न्हाई?"

*

सुनंदाबाईंनी मात्र वही मिटूनच ठेवली होती. पाचगणीच्या एका होस्टेलात त्या मेट्रन होत्या. दोन मुली गेटाबाहेर पडल्या, संध्याकाळी एसटी स्टँडवर सापडल्या, आणि बाईंना काढलं. त्या दिवशी बाई रजेवर होत्या!

"मला कुणी इचारलंच न्हाई वो," त्या म्हणाल्या. त्यांच्या एकटीच्या पगारावर घर होतं. माझं डोकंच फिरलं.

येत्या शनिवारी होस्टेलच्या साहेबांनी बाईंना भेटायला बोलावलं होतं. आम्ही तालीम घेतली. आबा साहेबांच्या जागी बसले आणि असे कडाडले, "यू आर लायिंग!" की बाई रडायलाच लागल्या. मग आबाच पाणी आणायला पळाले.

*

शनिवारी मी सोबत गेले. साहेबांनी आम्हाला बसा म्हटलं नाही. बाईंनी रजेचा अर्ज टेबलावर ठेवला. वाक्य सरळ आलं, "सर, आय वॉज रिमूव्ह्ड अनफेअरली."

साहेबांनी अर्ज दोनदा वाचला. खाली त्यांचीच सही होती.

"ठीक आहे. सोमवारपासून या," ते म्हणाले. "त्या दिवशी गेटवर नसलेल्या वॉचमनला काढतो."

मी बाईंचा हात ओढला. चला, जिंकलो! पण बाई हलेनात.

"त्याला का, सर? त्या दिवशी मी बाजारात हुते. तिथं त्यो भेटला मला, तुमच्या घरची भाजी घेत हुता. तुमीच धाडलं हुतं त्याला."

साहेबांचा चेहरा लाल झाला. "बाई, तुम्हाला नोकरी हवी आहे ना?"

"व्हय, लय हवी हाय," बाई म्हणाल्या. "पर अनफेअरली नको."