राजवाड्यामागचा द्राक्षवेल

सन दोन हजार सतरा. मी एकोणसत्तर वर्षांचा होतो. मे महिन्यातली सकाळ, गावच्या फाट्यावर आम्ही एसटीची वाट बघत उभे. मी, माझी बायको सगुणा, दोन ट्रंका आणि माझ्या हत्यारांची पिशवी. छिन्न्या, दोन हातोड्या, गुण्या, ओळंबा. अर्धीअधिक मंडळी निरोपाला आली होती. पाळकसाहेबांनी तिथंच धुळीत उभं राहून प्रार्थना केली. धाकट्या भावानं पिशवी उचलून बघितली आणि म्हणाला, "दादा, पोरीकडं राहायला चाललास का धरण बांधायला?" सगळे हसले. मी म्हणालो, "इंदुरातपण भिंती असतीलच की." गाडी आली. आईनं लहानपणी शिकवल्याप्रमाणं मागं वळून बघितलं नाही. ती म्हणायची, "निघालास ना, मग नीघ. दारात घुटमळू नको."

मी चौथीपर्यंत शिकलो. तीही धड नाही. पण हा कागद मी स्वतः लिहितोय, दुसऱ्याला सांगून लिहून घेतलेला नाही. दिवसाला चार ओळी होतात. ज्या हातानं लिहितो त्याचं मनगट डाव्या हातानं दाबून धरावं लागतं. का, ते पुढं येईलच. लिहितोय ते त्या दिवशी फाट्यावर आलेल्यांसाठी, आणि तुमच्यातले जे नंतर पुण्याला, सुरतेला गेले त्यांच्यासाठीही.

तुम्ही समजता की दादा पोरीच्या मायेनं गेला, सगुणाच्या डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी गेला. ते खोटं नाही. पण खरं कारण मी तेव्हा सांगितलं नाही. आपल्या ख्रिस्तमंदिराच्या मागच्या ओट्याचं काम मी एकट्यानं घेतलं होतं, आठवतं का? एका दुपारी ओळंबा सोडला आणि दोरी थांबेना. वारा नव्हता. बराच वेळ मी दोरीकडं बघत राहिलो. मग माझ्या हाताकडं बघितलं. ज्या मंदिराच्या दारावरचा काळ्या दगडाचा क्रूस मी घडवला, त्याच मंदिराच्या ओट्यात त्या दिवशी वाकडा दगड बसवून मी खाली उतरलो. तो अजून तिथंच असेल. बाप म्हणायचा, "वाकडा दगड दिसला की तिथंच काढ. वर थर चढवू नको." मी काढला नाही. गाव सोडलं.

आमची सुनंदा आणि जावई अमोस स्नेहलतागंजात राहतात. स्टेशनाजवळ जुनी दुमजली इमारत आहे, तिचा वरचा मजला भाड्यानं. अमोस इंदूरचाच, शाळेत चित्रकला शिकवतो. मला वाटलं होतं पोरीचा संसार असेल, आम्हाला एक खोली मिळेल. बघतो तर तिथं आणखी माणसं. झाबुआकडचं एक जोडपं, आणि रूथताई म्हणून एक निवृत्त नर्सबाई. सगळ्यांची चूल एक. टीव्ही नाही. स्कूटर एकच, ज्याला लागेल त्यानं न्यावी. सकाळी सहाला सगळे एकत्र बसून एक गीत, एक प्रार्थना, मग पोहे. दारात कुणीही येवो, जेवून जाणार. प्रभूच्या पहिल्या शिष्यांनी असंच सगळं समाईक ठेवलं होतं, आपण नुसतं ऐकायचं का, असं सुनंदाचं म्हणणं. मी पहिल्या आठवड्यात सगुणाला म्हणालो, "ही शहाणी माणसं धर्मशाळेत का राहतात?" ती म्हणाली, "अहो, गावात आपण तरी काय करत होतो? चूल निराळी होती एवढंच."

तिला जमलं. मला जमलं नाही, आणि त्याचं कारण ती शनिवारची परात.

या घराचा एक रिवाज आहे. शनिवारी संध्याकाळी जेवण झालं की मधोमध एक पितळी परात ठेवतात. आठवड्यात ज्यानं त्यानं स्वतःच्या हातानं किंवा डोक्यानं जे केलं ते तिच्यात ठेवायचं. देव काहीतरी सुचवतोच, ते अडवून धरायचं नाही, असा त्यामागचा विचार. अमोस चित्र ठेवी. सुनंदा नव्या गीताचं कडवं कागदावर लिहून ठेवी. झाबुआवाली मण्यांची माळ. कुणाचं कौतुक करायचं नाही. मग पाळीप्रमाणं एकेकानं एकेक वस्तू उचलायची, ती त्याची. आणि कुणी घर सोडून गेलं तर मिळालेल्यातली एक वस्तू, सर्वांत जवळची, जाताना ती करणाऱ्याला सर्वांसमोर परत द्यायची. म्हणजे जाणाऱ्याचा हात शेवटी करणाऱ्याच्या हाताला लागतो.

सगुणानं पहिल्याच शनिवारी चिंध्यांची उशी शिवून ठेवली. मी रिकामा बसलो. दुसऱ्या शनिवारी रिकामा. चौथ्याही. कुणी काही बोललं नाही. पण मी गवंडी माणूस, नेवासे तालुक्यात माझ्या हातच्या किती भिंती उभ्या आहेत, आणि इथं आठ-आठ दिवसांनी परात माझ्यासमोरून तशीच पुढं सरकायची. छिन्नी धरली की ती माझ्या हातात मधमाशीसारखी थरथरायची. हे सांगायचं कुणाला? पोरगी चारचौघांत म्हणायची, "आमचे बाबा म्हणजे दगडात फूल उमलवतात." मी मान हलवायचो.

पाचव्या आठवड्यात राजवाड्यामागच्या गल्लीत एका सुताराच्या दुकानात मी एक फळी बघितली. वीतभर रुंद, शिसवी, तिच्यावर द्राक्षवेल कोरलेला. घड, पानं, सगळं. नजर ठरेना असं काम. मी ती घेतली, वर्तमानपत्रात गुंडाळून शर्टाच्या आत घालून घरी आणली आणि शनिवारी परातीत ठेवली. म्हणालो, "इथं बरा दगड मिळेना. लाकडावर केलं." कौतुक करायचं नाही असा रिवाज, म्हणून सगळे गप्प. पण अमोसनं त्या घडावरून बोट फिरवलं आणि त्याचे डोळे भरून आले. फळी रूथताईंच्या वाट्याला गेली. त्यांनी ती आपल्या खाटेच्या वर टांगली.

सगुणा दुसऱ्या दिवशी सकाळी एवढंच म्हणाली, "आता?"

आता काय, थर चढत गेले. महिन्याभरात अमोसनं गच्चीवर पत्र्याखाली माझ्यासाठी जागा केली. बसायला चौरंग, आणि टेम्पोतून आणलेला एक दगड, पाटाएवढा. म्हणाला, "बाबाजी, आरामात. कुठली घाई नाही." मी रोज न्याहारीनंतर वर जायचो आणि हातोडीनं छिन्नीवर ठोकत बसायचो. खाली आवाज जायला हवा ना. शनिवारी विचारलं तर म्हणायचो, काम मोठं आहे, वेळ लागणार. एक वर्ष गेलं, दोन गेली. करोनाची दोन वर्षं गेली. पाटाएवढा दगड विटेएवढा झाला. त्याच्यात ना फूल, ना अक्षर. नुसत्या खपल्या. त्या मी डालड्याच्या जुन्या डब्यात भरून नाल्याकडं टाकून यायचो. सकाळी सगळ्यांबरोबर गीत म्हणायचो आणि मग वर जाऊन खोटं ठोकायचो. देवाला फसवता येत नाही हे मला ठाऊक होतं. पण देव खाली बसून आवाज ऐकत नव्हता, ही माणसं ऐकत होती.

तुम्ही नाताळाला फोन करता, "दादा, कधी येतोस?" मी म्हणायचो, हातात मोठं काम आहे. तुम्ही खूश व्हायचात.

गेल्या वर्षी रूथताईंच्या किडन्या गेल्या. आठवड्यातून तीनदा दवाखाना, आणि आमचा जिना तो असा उभा. अमोसनं आणि झाबुआवाल्यानं त्यांना खुर्चीत बसवून उतरवून बघितलं. दोनदा जमलं, तिसऱ्यांदा अमोसची कंबर धरली. खालच्या मजल्यासाठी घरमालकाला विचारलं, तो गोदाम रिकामं करायला तयार नव्हता. आम्ही प्रार्थना केल्या, उपास केला. काही झालं नाही. शेवटी देवासला त्यांची भाची आहे, तिचं घर तळमजल्यावर आणि दवाखाना समोर. रविवारी ती न्यायला येणार असं ठरलं.

शनिवारी दुपारी रूथताईंनी मला खोलीत बोलावलं. "बसा ना भाऊजी. उभं राहून काय, गाडी सुटतेय का तुमची?"

मी बसलो.

"आज मला वस्तू परत द्यायची आहे. जवळची म्हणाल तर हीच." त्यांनी मान वर करून फळीकडं बघितलं. "सकाळपासून हाच विचार चालू आहे की देऊ कोणाला. राजवाड्यामागचा तो सुतार तर करोनातच वारला."

मी विचारलं, "कधीपासून ठाऊक आहे?"

"अरे भिया, मी जन्माची इंदूरची. माझ्या बहिणीच्या लग्नात आरशाची चौकट त्याच्याकडूनच घेतली होती. सेम टू सेम वेल."

"मग बोलला का नाहीत?"

"चाळीस साल नर्सिंग केलं. पेशंट स्वतः सांगत नाही तोपर्यंत आपण कशाला तोंड उघडायचं? आणि तुमच्या हाताचं तर मला पहिल्या दिवशीच दिसलं होतं. याला औषध आहे भाऊजी. पूर्ण जात नाही, पण आहे. सात साल तुम्ही वर जाऊन ठोकत बसलात."

"मी काय करू आता?" जन्मात हा प्रश्न मी कुणाला विचारला नव्हता.

त्या हसल्या. "मला काय विचारता? मी तर चालले."

संध्याकाळी परात मांडली. रूथताईंना उशीला टेकवून बसवलं होतं. त्यांनी फळी माझ्यासमोर धरली. सगळ्यांना वाटलं आता मोठा सुंदर क्षण आहे, सुनंदानं तर पदर डोळ्यांना लावला. मी फळी घेतली. घेऊन गप्प बसावं, असं शेवटपर्यंत मनात होतं, तेही लिहून ठेवतो. पण फळी जड, आणि माझा हात. ती परातीच्या काठाला लागली आणि वाजायला लागली. टकटक टकटक. मी दुसऱ्या हातानं धरली तर जास्तच वाजली. सगळे बघत होते.

"हे मी केलेलं नाही," मी म्हणालो. "विकतचं आहे. इथं आल्यापासून मी काहीच केलेलं नाही."

सुनंदा म्हणाली, "आणि बाबा, तो वरचा आवाज?"

"तो नुसता आवाज."

झाबुआवालीला आमचं मराठी नीट कळत नाही. तिनं हळूच विचारलं, "क्या बोले बाबाजी?" मग सुनंदाला ते सगळं हिंदीत सांगावं लागलं. आपलं खोटं मी दोनदा ऐकलं, एकदा माझ्या तोंडून आणि एकदा लेकीच्या. हिंदीत ते जास्त लांबलं.

कुणी तरी चिडेल, अशी मी वाट बघत होतो. भांडण मला करता येतं. अमोस म्हणाला, "पाणी द्या बाबाजींना." बस. पाणी पिताना सांडलं, ते झाबुआवाल्यानं आपल्या पंच्यानं पुसलं. सगुणा खाली बघत होती. रूथताईंनी माझ्या हातातून फळी काढून घेतली. "करणारा नाही, तर मग माझीच," म्हणाल्या आणि आपल्या पिशवीत घातली.

माफ केलं असंही कुणी म्हणालं नाही. शेवटच्या प्रार्थनेत अमोसनं सगळ्यांची नावं घेतली, रोजच्या क्रमानं, रोजच्याच आवाजात. माझं जिथं यायचं तिथंच आलं.

आता तुम्ही विचाराल, मग गावी का येत नाहीस? तुमच्याकडं माझा क्रूस आहे, माझ्या भिंती आहेत. तुमच्या डोळ्यांत मी अजून परांचीवर उभा असलेला, पस्तिशीतला गवंडी आहे. तो माणूस मलाही आवडतो. पण त्याच्या घरात मला आता राहता येणार नाही, रोज त्याच्यासारखं उभं राहावं लागेल. इथं माझ्या नावाचा एक दगड नाही. रूथताई गेल्या, त्यांची खाट रिकामी आहे. घर किती दिवस टिकेल ठाऊक नाही. अमोसची कंबर अजून धरलेलीच आहे. मी त्यातलं काहीच सावरू शकत नाही, आणि हे इथल्या सगळ्यांना माहीत आहे. राहायला मला हीच जागा उरली आहे. ओट्यातला वाकडा दगड तेवढा कुणाकडून तरी काढून घ्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी रूथताईंची गाडी सातला येणार होती. आजवर सगुणा रोज खोलीचं दार लावून माझ्या शर्टाची बटणं लावायची. त्या सकाळी मी तिला थांबवलं, दार उघडलं आणि तसाच उघड्या शर्टानं बाहेर गेलो. पोह्यांना सगळे जमले होते. मी अमोससमोर जाऊन उभा राहिलो आणि म्हणालो, "लाव." त्यानं हातातली बशी खाली ठेवली आणि वरच्या बटणापासून सुरुवात केली. त्याला गळ्याशी नीट दिसावं म्हणून मी हनुवटी वर केली.