आत्याचं पान

सकाळी चहा घेताना माझा हात झटकन उडायचा आणि कप फरशीवर फुटायचा. शेवटी आईनं मला स्टीलचा पेला दिला आणि घरानं ‘धांदरट’ हे नाव. त्या शब्दाचा मला अजूनही संताप येतो. बारावीत असताना एका सकाळी मी अख्खीच कोसळले. वडिलांनी नाकाला चप्पल लावली, आईनं दृष्ट काढली आणि मग सोलापुरातल्या मेंदूच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

त्या म्हणाल्या, ही जनरलाइज्ड एपिलेप्सी, फिट येण्याचा एक आजार. झटका साऱ्या मेंदूत एकदमच उठतो. सकाळी हात उडणं हाही त्याचाच भाग. गोळ्यांनी आटोक्यात राहील. तो का होतो, ते मात्र पुरतं कळलेलं नाही. काही घराण्यांत तो पिढ्यान्‌पिढ्या दिसतो, म्हणून संशोधनासाठी त्या अशा घरांतल्या माणसांचं रक्त तपासत होत्या.

“घरात आणखी कुणाला फिट यायची?”

“न्हाय बा, आमच्यात कुणालाच न्हाय,” आई घाईनं म्हणाली. तिला तिथंही माझ्या लग्नाची काळजी!

“बरं, सकाळी कुणाच्या हातातून वस्तू पडायच्या?”

वडील एमआयडीसीत टॉवेलच्या लूमवर काम करतात. त्या खडखडाटानं त्यांना कमी ऐकू येतं. हा प्रश्न मात्र बरोबर ऐकू आला.

“माज्या भैनीच्या,” ते म्हणाले. “रोज कायतरी फुटायचं. आमी लई बोलायचो तिला.”

ही माझी आत्या लग्नाआधीच, मोडनिंबला, सकाळी पाणी शेंदताना विहिरीत गेली. पोरीनं जीव दिला, असं गावानं ठरवलं आणि घरानंही तेच मानलं. पितृपंधरवड्यात सगळ्यांची पानं वाढली जायची, तिचं कधीच नाही. “आसं टाकून जातं व्हय कुणी?” एवढंच वडील एकदा म्हणाले होते.

“म्हंजी ती पडली आसंल?” त्यांनी डॉक्टरीणबाईंना विचारलं.

“शक्य आहे काका. पण आता खात्रीनं नाही सांगता येणार.”

वडिलांनी तिथंच शर्टाची बाही वर केली आणि रक्तासाठी हात पुढं केला.

गोळ्यांनी माझा हात आता उडत नाही. रक्ताच्या तपासणीतून अजून काही हाती लागलेलं नाही. वडील मात्र प्रत्येक खेपेला विचारतात, “घावलं का काय?”

यंदा पितृपंधरवड्यात त्यांनी एक पान जास्त वाढायला लावलं. त्याच्या शेजारी स्वतः चहा ठेवला, माझ्या स्टीलच्या पेल्यात.

“घे की निवांत,” ते पानाकडं बघत म्हणाले. “पडला तर पडू दे.”