जोब टकरची डोणी

डेव्हनमधल्या पेनाकोमच्या खोऱ्यात थर्झा टकरच्या नाकाला सगळे वचकून असत. आंबलेलं दूध, ओल धरलेली गादी, नीट न वाळवता घडी घातलेला सदरा, दारात पाऊल टाकायच्या आधीच तिला कळायचं. बोलायची काही नाही. नाकपुडी जराशी वर चढायची, आणि घरच्या बाईला आपल्याकडे कुठं काय सडलंय ते शोधत बसावं लागायचं.

हे नाक तिनं कमावलेलं होतं. चौदाव्या वर्षी ती तालुक्याच्या इस्पितळात धुणं धुवायला लागली ती साठाव्या वर्षी सुटली. रक्त, पू, ओकारी, म्हाताऱ्यांनी भरवलेल्या चादरी. यंत्रं पुढं आली, पण यंत्रात घालण्याआधीची घाण हातानंच काढावी लागे. सेहेचाळीस वर्षांत एक सकाळ अशी गेली नाही की पहिली चादर उलगडताना तिच्या पोटात ढवळलं नाही. लोक म्हणत, आता सवय झाली असेल. सवय होत नसते. "ज्याला किळस येते तोच स्वच्छ धुतो," ती नव्या पोरींना सांगायची. "येत नाही तो डाग ठेवतो."

लग्न तिनं केलं नाही. भाऊ लढाईत गेला, आईबाप त्यांच्या वेळी गेले, आणि नदीकाठच्या जुन्या गिरणीला लागून असलेल्या घरात ती एकटी उरली. घरामागच्या अंगणात एक लांबरुंद दगडी डोणी होती. चार माणसं पाय सोडून बसतील एवढी. आता तिच्यात नेचे माजले होते. पावसाळी हवेत मात्र त्या दगडाला अजून एक उग्र वास सुटायचा, डोळ्यात झोंबणारा. तो वास थर्झाखेरीज कुणाला यायचा नाही. ती डोणी तिच्या आजाची होती, जोब टकरची.

टकर हे आडनाव त्या मुलुखात गवतासारखं उगवतं. डेव्हनमध्ये टेलिफोनचं पुस्तक उघडलं तर पानंच्या पानं टकरांची. मागावरून उतरलेलं लोकरीचं कापड चिकट असतं, जाळीसारखं सुटं असतं. ते कुंडात घालून तुडवावं लागतं, तेव्हा त्याचं मेण जातं आणि धागा धाग्याला धरतो. हे तुडवण्याचं काम करणाऱ्याला पश्चिमेकडे टकर म्हणत, आग्नेयेकडे फुलर, उत्तरेकडे वॉकर. काम एकच, नावं तीन. अजूनही इंग्रज माणसाचं यातलं एखादं आडनाव ऐकलं की त्याचे पणजोबा-खापरपणजोबा देशाच्या कोणत्या अंगाला कापड तुडवत होते त्याचा अंदाज बांधता येतो. सातशे वर्षांपूर्वीच्या करवसुलीच्या वह्यांतसुद्धा टकर आहेत. पुढे तेच लोक जहाजांवर चढले. कुणी न्यूफाउंडलंडला मासे मारायला, कुणी बर्म्युडाला, कुणी अमेरिकेला, कुणी ऑस्ट्रेलियाला. नाव सगळीकडे गेलं. कापड कशात तुडवायचे, ते मात्र कुणी बरोबर नेलं नाही.

मुतात तुडवायचे. शिळ्या मुतात. आठवडे-दोन आठवडे झाकून ठेवलेल्या, डोळ्यांतून पाणी काढणाऱ्या मुतात. त्यानं मेण सुटतं.

आणि ते गोळा करून आणायचं काम पेनाकोममध्ये शेवटपर्यंत जोबनं केलं. गाढवाची गाडी, गाडीवर दोन पिंपं. घराघराच्या मागच्या दारी बादली ठेवलेली असे. न पिणाऱ्या घरांचं एका पिंपात, सफरचंदाची दारू ढोसणाऱ्यांचं दुसऱ्या, कारण ते पातळ, बिनकामाचं. एखाद्या बादलीवर गांधीलमाशा घोंगावल्या तर जोब पुढच्या दाराला जाऊन टोपी काढून सांगायचा, "मालकिणबाई, तुमच्या धन्याला डॉक्टरकडे न्या, त्याच्या अंगात साखर झालीय." त्यानं असं सांगून वाचवलेली माणसं होती. तरी रविवारी देवळात तो शेवटच्या बाकावर एकटाच बसायचा. त्याच्या पुढचे दोन बाकही रिकामे. थर्झा नऊ वर्षांची असताना तो गेला. त्याच्या हातांना राखेच्या साबणाचा वास यायचा, एवढं तिला आठवे. गावातल्या दुसऱ्या कुणाचे हात इतके धुतलेले नसत.

थर्झाच्या बहात्तराव्या वर्षी, एप्रिलात, एक पाहुणा आला. एव्हरेट टकर, अमेरिकेतल्या ओहायोचा, निवृत्त दंतवैद्य. जगभरच्या टकरांचा त्यानं संघ काढला होता. त्याचे स्वतःचे दात इतके पांढरे होते की थर्झाला इस्पितळातली एनॅमलची परळं आठवली.

"थर्झाताई!" तो दारातूनच म्हणाला आणि तिला मिठी मारली. त्याला कसल्याशा गोड तेलाचा वास येत होता. "तुम्ही आमचं मूळ! मूळगावची शेवटची टकर!"

मिठीनं तिचं अंग आखडलं, पण नातेवाईक म्हणून दारात कुणी येऊन तिला वीस वर्षं झाली होती. तिनं चहा केला, स्कोन म्हणजे छोटे गोड पाव भाजले, घट्ट साय काढली. त्यानं स्कोनवर आधी मुरंबा थापला आणि वर साय. डेव्हनमध्ये आधी साय, मग मुरंबा; हे शेजारचे कॉर्नवॉलवाले लावतात तसं उलटं. थर्झानं मान फिरवली.

त्यानं जगाचा नकाशा पसरला. त्यावर लाल ठिपके. "प्रत्येक ठिपका म्हणजे शंभर टकर. जूनमध्ये साठजण इथं येतायत. तुमच्या देवळात नावांचा फलक लावणार. पहिल्या टकरपासून तुमच्या वडिलांपर्यंत, एकतीस पिढ्यांतली मिळतील ती सगळी नावं. आणि ऑस्ट्रेलियाहून एक बाळ येतंय, त्याचा बाप्तिस्मा. त्यासाठी मला ही तुमची डोणी हवी. पूर्वजांच्या दगडात टकर बाळाचा बाप्तिस्मा! विचार करा, ताई!"

"कशाची डोणी आहे ती, ठाऊक आहे का तुम्हाला?"

"कापडाची."

"मुताची," थर्झा म्हणाली. "माझा आजा गावाचं मूत गोळा करून त्यात शिळवायचा."

तिला वाटलं होतं, हा दचकेल. तो हसला. "ठाऊक आहे की. जोब. गावच्या नोंदींत सापडला मला. पण ते लोकांना कशाला सांगायचं? घासून ठेवली की झालं."

"आणि फलकावर?"

त्यानं वहीचं पान पुढं केलं. तिच्या पणजोबाचं नाव होतं, अमोस, गिरणीमालक. त्याच्याखाली रेघ ओढून तिच्या बापाचं, विल्फ्रेडचं. जोब मधून गायब होता. नातू आजाचा मुलगा झाला होता.

"फलक देवळात लागणार, ताई. तिथं कुणाचं नाव शोभतं, कुणाचं नाही..."

थर्झाला किळस आली, पहिली चादर उलगडताना यायची तशीच. मूत तिनं आयुष्यभर धुतलं होतं. मूत लपवायला फासलेलं हे अत्तर तिला सोसेना.

"जोबचं नाव घाला, मग डोणी न्या," ती म्हणाली. "नाही घातलं तर दगडाचा टवकासुद्धा मिळणार नाही."

"ताई, उगाच हट्ट..."

"चहा गार होतोय."

त्यानं नाव घातलं नाही, आणि तिनं डोणी दिली नाही. पण जूनच्या पहिल्या आठवड्यात शेजारचा रूबेन स्नेल कुंपणाशी येऊन दात काढायला लागला. हा डुकरं पाळायचा, आणि थर्झा त्याच्या दारात कधी पाऊल टाकत नसे.

"काय गं थर्झे, ऐकलंस का? मी पण आता टकर झालो!"

"तू? आमच्या जोबनं तुझ्या आजाची बादली परत केली होती. म्हणाला, यात मूत कमी, दारूच जास्त."

"तेच तर! पिंपात ओतायच्या लायकीचे नव्हतो आम्ही, आता बघ. तुझा तो दातवाला आला, आमच्या डुकरांची डोणी उचलून घेऊन गेला. दगड जुना, बघायला झकास. देवळात ठेवलीय. त्यात म्हणे बाळाचा बाप्तिस्मा."

"डुकरांच्या डोणीत?"

"परवापर्यंत माझी डुकरीण खात होती त्यात. मी सांगितलं ना त्याला. म्हणाला, कुणाला बोलू नकोस."

"आणि पाद्री?"

"पाद्रीसाहेबांच्या छपराला गळती आहे. संघ छप्पर शाकारून देणार. मग पाद्रीसाहेबांना कसला वास येतो?"

शनिवारी सकाळी थर्झानं बादली, धुण्याचा सोडा आणि काथ्याचा ब्रश उचलला आणि ती देवळात गेली. डोणी नव्याकोऱ्या फलकाखाली मांडलेली होती, वर फुलांचा हार. हार उचलला मात्र, वास फटकन नाकात शिरला. कोपऱ्यात कण्या चिकटून हिरव्या झाल्या होत्या. रेघेरेघेत लेंडाचं काळं कीट. वरून कुणीतरी ओलं फडकं फिरवलं होतं, एवढंच. एक माशी कोपऱ्यात अंडी घालत होती. थर्झानं तोंड रुमालानं बांधलं, गुडघे टेकले आणि घासायला सुरुवात केली. बाळ कुणाचं का असेना. घाणीत बुडवायचं नसतं.

अर्ध्या तासानं मागून पावलं वाजली. "तुम्हाला नेमलंय का हे करायला?"

एक तरुण पोरगी उभी होती, कडेवर आठ महिन्यांचं बाळ. नरेल टकर, ऑस्ट्रेलियाची. जागा बघायला आली होती.

"मला कोण नेमणार?" थर्झा म्हणाली. "ही डुकरांची डोणी आहे, मुली. तुझ्या लेकराला उद्या यात धरणार आहेत."

नरेलनं वाकून कोपरा बघितला. तिचा चेहरा पिळवटला. "ते तर म्हणाले, आमच्या पूर्वजांची..."

"पूर्वजांची माझ्या अंगणात आहे. ती मुताची होती. दोन्हींत घाण. पण आमची निदान कामाची."

मग तिनं सांगितलं. पाण्यात सोडा विरघळत होता, आणि थर्झा गुडघ्यांवर बसून जोबची गोष्ट सांगत होती. दोन पिंपं, गाढव, गांधीलमाशा, रिकामे बाक. आयुष्यात पहिल्यांदा ती हे कुणाला सांगत होती. मधे मधे नरेल हसली. शेवटी तिनं फलकावर नजर फिरवली.

"जोब यात कुठं आहे?"

"नाही."

"का?"

"शोभत नाही."

नरेलनं फलकाकडे बोट केलं. "माझ्या नवऱ्याच्या पणज्याचा आजा चोरून मेंढ्या कापायचा," ती म्हणाली. "त्याला शिक्षा म्हणून बोटीत घालून तिकडे पाठवला. तो बघा, खालून तिसऱ्या ओळीत. पुढं लिहिलंय, 'वसाहतीचा संस्थापक'." तिनं बाळ बाकावरच्या टोपलीत ठेवलं आणि बाह्या वर केल्या. "दुसरा ब्रश आहे का?"

"तू राहू दे. तुझे हात..."

"माझे हात काय? रोज दहा लंगोट धुते मी याचे."

एकाच ब्रशनं दोघींनी आळीपाळीनं घासलं. डोणी कितीही घासली तरी वास जाईना. दगड पितो, थर्झा म्हणाली, प्यायलेलं तो सोडत नाही. उठताना नरेलनं तिला हात दिला आणि तो तसाच धरून ठेवला.

"आजी, याची धर्ममाता माझी बहीण होणार होती. तिला येता आलं नाही. तुम्ही व्हाल?"

थर्झानं आपले सोड्यानं सुजलेले हात बघितले. "माझ्या अंगाला वास येतोय," ती म्हणाली.

"माझ्याही," नरेल म्हणाली.

रविवारी देऊळ भरलं. साठ टकर, प्रत्येकाच्या छातीवर नावाची चिठ्ठी. अत्तरांच्या वाफा आणि प्लास्टिकच्या नव्या पिशव्यांचा वास इतका, की थर्झाला श्वास घेववेना. सगळे पुढच्या बाकांवर रेटारेटी करत होते. शेवटचा बाक रिकामा होता. ती तिथं बसली, आजाच्या जागी. बाप्तिस्म्याची वेळ झाली तशी नरेल मधल्या वाटेनं मागं आली आणि तिनं बाळ थर्झाच्या हातात दिलं.

एव्हरेट डोणीपाशी हसत उभा होता. नरेल थर्झाला घेऊन त्याच्या पुढून चालत गेली आणि दाराजवळच्या, गावच्या बाप्तिस्म्याच्या जुन्या कुंडाशी थांबली. गावातलं प्रत्येक पोर तिथंच ओलं झालेलं, जोबसुद्धा.

"इकडे, वहिनी, इकडे..." एव्हरेट दातांतून म्हणाला.

"त्या डोणीला डुकरांचा वास येतो," नरेल मोठ्यानं म्हणाली. पुढच्या बाकांवर कुजबुज उठली. पाद्रीसाहेबांनी एकदा छपराकडे पाहिलं, एकदा बाळाकडे, आणि ते झगा सावरत कुंडाशी आले.

छापलेल्या पत्रिकेत बाळाचं नाव होतं, एव्हरेट विल्यम. संघाची तशी विनंती होती. पण नाव सांगायचा मान धर्ममातेचा असतो. नरेलनं काल थर्झाच्या कानात सांगितलं होतं, काय सांगायचं ते.

"या बालकाचं नाव सांगा," पाद्रीसाहेब म्हणाले.

तेवढ्यात बाळानं ऊन ऊन धार सोडली. थर्झाच्या रविवारच्या निळ्या झग्यावरून ती घरंगळत गेली, बाहीतून कोपरापर्यंत. पुढच्या बाकावरच्या एका बाईनं ई करून नाक धरलं. थर्झाच्या नाकपुड्या सवयीनं वर चढल्या. मग तिनं त्या बाईच्या धरलेल्या नाकाकडे, एव्हरेटच्या दातांकडे, हाराखालच्या डोणीकडे एकेकदा बघून घेतलं. किळस आली ती त्यांची.

"जोब," ती म्हणाली. शेवटच्या बाकापर्यंत जाईल इतक्या मोठ्यानं. "जोब टकर."