काकांकडून लिहून कसं घ्यायचं?

आमची आसावरी भारी काटेकोर. जर्सी सिटीत आमच्या शेजारचंच दार तिचं. घरमालक असो, प्लंबर असो नाहीतर मी, तिचं एकच पालुपद: "ईमेल कर गं, तोंडी नको." मॅनहॅटनच्या एका अ‍ॅक्सिलरेटरमध्ये, म्हणजे आफ्रिकेतल्या नवख्या टेक कंपन्यांना सुरुवातीचं भांडवल आणि तीन महिन्यांचं ट्रेनिंग देणाऱ्या ऑफिसात, ती आलेले अर्ज वाचते. तिथल्या नव्या मुलांना तिनं पहिल्याच दिवशी बजावलेलं असतं, की वरून लिहून आल्याशिवाय कुणालाही शब्द द्यायचा नाही.

वर म्हणजे देवदत्त काका. तिच्या बाबांचे नागपूरचे वर्गमित्र. आयटीतली नोकरी गेली तेव्हा तिला इथे घेणारे तेच.

अर्ज करणाऱ्यांपैकी वांजिरू केनियातल्या नाकुरूची. गावातला पाण्याचा पंप बिघडला की मेकॅनिकच्या फोनवर आपोआप मेसेज जातो, असं यंत्र तिनं बनवलंय. वर्षभर आसावरी तिच्याशी व्हिडिओवर बोलत होती. वांजिरू तिला 'सिस्टर' म्हणायची. मार्चमध्ये नैरोबीतल्या एका गुंतवणूकदारानं वांजिरूला ऑफर दिली: शुक्रवारपर्यंत उत्तर द्या, आणि आमचे पैसे घेतलेत तर दुसऱ्या कुणाचे घेऊ नका. तिनं विचारलं, "सिस्टर, काय करू?"

गुरुवारी आसावरी काकांकडे जेवायला होती. तिथेच तिनं विषय काढला. वरणावर तूप वाढत काका म्हणाले, "बाळ, तिची सीट पक्की. सांगून टाक तिला. माझा शब्द आहे."

लिहून मागावं असं तिच्या मनात आलं होतं, हे तिनंच मला सांगितलं. पण ज्यांच्या पाया पडायचं, त्यांना 'ईमेल करा' कसं म्हणायचं? तिनं वांजिरूला कळवलं, आणि वांजिरूनं नैरोबीला नकार दिला.

मे महिन्यात निवडलेल्यांची यादी लागली. त्यात वांजिरू नव्हती. तिच्या जागी इथल्या ट्रॉय शहरातल्या एका बड्या गुंतवणूकदाराचा मुलगा होता. आफ्रिकेतली कंपनी म्हणवण्यापुरतं नैरोबीत उघडलेलं या मुलाचं ऑफिस जेमतेम महिन्याभराचं. आसावरीनं निवड कमिटीच्या मीटिंगमध्ये काकांना शब्दाची आठवण करून दिली. काका सगळ्यांसमोर हसले. "आसावरी जरा इमोशनल आहे. उत्साहात काहीतरी बोलून बसली असेल."

ते आठवलं की माझं अजूनही डोकं फिरतं. चारचौघांत तिला सरळ खोटं पाडलं! बाबांना व्हिसा मिळाला नाही म्हणून तिच्या लग्नात कन्यादान याच माणसानं केलं होतं.

शनिवारी सकाळी माझ्या किचनमधूनच तिनं वांजिरूला फोन लावला. वांजिरू ओरडेल अशी आमची तयारी होती. ती हळूच म्हणाली, "मी तुझ्याकडून लिहून घेणार होते. पण सिस्टर म्हणते ना तुला, मग मागणार कसं?"

आसावरी बराच वेळ रडली. मग लॅपटॉप उघडून तिनं कुणी, कधी, काय शब्द दिला ते सगळं लिहून काढलं, स्वतःची चूकसुद्धा. वांजिरूला, नैरोबीच्या गुंतवणूकदाराला आणि अख्ख्या कमिटीला पाठवलं. नैरोबीचं उत्तर तासाभरात आलं. त्यांनी ते पैसे दुसऱ्या कंपनीला देऊन टाकले होते.

दुपारी काकांचा फोन आला. तिनं स्पीकर लावला.

"बाळ, घरातलं बोलणं असं लिहून पाठवायची काय गरज होती?"

"यापुढचं सगळं ईमेलवरच बोलू, सर," आसावरी म्हणाली.