अर्धा रिपोर्ट

माझे मालक फौजेत होते. सिग्नल्समध्ये हवालदार. त्यांच्या जुन्या तुकडीची माणसं आठवणींचं पुस्तक काढताहेत. म्हणाले, "अक्का, त्यांच्याबद्दल तुम्ही लिहा." मी चौथी शिकले. घडलं तसं लिहिते.

त्यांची शेवटची पोस्टिंग बर्फातली. वायरलेस सेटची बॅटरी उतरली होती, ते एका जवानाने सांगितलं नाही. ओरडा बसेल म्हणून. दुसऱ्या दिवशी तोच सेट घेऊन दोघे गस्तीला गेले. वादळात अडकले. सेट बोलला नाही. लान्स नायक बलबीर आणि शिपाई थंगराज गेले. पेन्शनीवर शिरपूरजवळ गावी आल्यावरही मालक रोज संध्याकाळी सहाला अंगणात ताठ उभे राहून ती दोन नावं घ्यायचे. म्हणायचे, "अर्धा रिपोर्ट माणूस मारतो."

दोन म्हशी होत्या. पाचला उठायचं, शेण, मग धार. म्हैस हलली की ते ओरडायचे, "सावधान!"

मी म्हणायचे, "तिले काय पेन्शन भेटी?"

एका सकाळी सव्वापाचला म्हैस गाभडली. पारडू मेलेलं. वार आत अडकली होती. मालकांनी ती उघड्या हाताने ओढून काढली. बोटावर विळ्याची ताजी जखम होती.

मी म्हटलं, "सूनले सातवा महिना शे. कोनले सांगानं नही. बाया अपशकुन बोलतीन."

"ढोरना डॉक्टरले बी नही?"

"नही."

त्यांनी बादलीत हात धुतले. मग म्हणाले, "रॉजर."

तीन आठवड्यांनी ताप सुरू झाला. संध्याकाळी चढायचा, पहाटे घामाने अंथरूण भिजायचं. कंबर धरली. शिरपूरच्या डॉक्टरांना त्यांनी आसामची पोस्टिंग सांगितली, तिथे मलेरिया झाला होता. मग मलेरियाचं औषध. नंतर टायफॉइडचं. म्हशीचं कुणी विचारलं नाही. मी शेजारी स्टुलावर बसलेली असायचे. गप्प. असे पाच महिने गेले. मधल्या काळात सून सुखरूप बाळंत झाली, तरी मी बोलले नाही.

पाय सुजले, दम पुरेना, तेव्हा धुळ्याला नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "घरी जनावर गाभडलं होतं का?"

मालकांनी माझ्याकडे पाहिलं. "सांग बठ्ठं."

मी सगळं सांगितलं.

रक्तात ब्रुसेला निघाला. जनावराचा रोग. वारेतून, कच्च्या दुधातून माणसात येतो. वेळेत कळला तर औषधाने बरा होतो. त्यांच्या हृदयाची झडप खाऊन झाली होती. नवव्या दिवशी सकाळी अकरा चाळीसला ते गेले.

आता म्हैस गाभडली तर मी आधी ढोरांच्या दवाखान्यात फोन करते. हातमोज्याशिवाय कुणाला वारेला हात लावू देत नाही. दूध उकळूनच. गावातल्या बाया काय बोलायचं ते बोलोत.

संध्याकाळी सहाला मी अंगणात उभी राहते. लान्स नायक बलबीर. शिपाई थंगराज.

आमच्यात बायको नवऱ्याचं नाव घेत नाही. मीही कधी घेतलं नाही. धुळ्याला दवाखान्याच्या कागदासाठीसुद्धा ते मुलाने सांगितलं. पण रिपोर्ट अर्धा ठेवायचा नाही.

हवालदार सुकलाल दगा पाटील.